शिध्याच्या यादीतील माणूस

आपल्या त्रैमासिकात कविता, कथा, कादंबरी, नाटक आणि क्वचित प्रवासवर्णन यांची समीक्षा नियमाने येत असते. मात्र आपल्या कॅथॉलिक घरांत सर्वाधिक वाचल्या जाणाऱ्या मजकुराची समीक्षा आजवर कोणी केल्याचे माझ्या पाहण्यात नाही. तो मजकूर म्हणजे मदतीचे आवाहन. प्रायश्चित्तकाळातील एखाद्या रविवारी चर्चच्या दारात पाकिटासोबत हाती पडणारे ते चार पानी पत्रक. कवितासंग्रहाच्या पाचशे प्रती संपायला पाच-सात वर्षे लागतात. हे पत्रक एका सकाळी शेकडो घरांत पोचते, जेवणाच्या वेळी मोठ्याने वाचले जाते, मुले त्यातील छायाचित्र निरखतात, आणि त्यावरून दूरदेशीच्या माणसाविषयी आपले जे मत बनते ते पुष्कळदा जन्मभर टिकते. ज्या लेखनाचा एवढा परिणाम होतो, त्याला ‘हे काही साहित्य नव्हे’ असे म्हणून समीक्षेतून सूट देणे मला योग्य वाटत नाही.

२०२२ च्या प्रायश्चित्तकाळात असे एक पत्रक आमच्या धर्मग्रामात आले. विषय होता मोझांबिक देशाच्या उत्तर टोकाच्या काबो देल्गादो प्रांतातील विस्थापित कुटुंबे. मुखपृष्ठावर पाच-सहा वर्षांचा एक मुलगा, हातात रिकामी थाळी, नजर वर लावलेली. आत दोन परिच्छेदांत अतिरेक्यांनी जाळलेली गावे, एका परिच्छेदात ख्रिस्तसभेने दिलेला आसरा, आणि शेवटी अमुक रुपयांत एका कुटुंबाला अमुक दिवसांचे अन्न, असा हिशेब. मुलगा कोणाचा, त्याचे नाव काय, तो कोणत्या गावचा, त्याची आई छायाचित्रात का नाही, यांपैकी कशाचाही पत्ता नाही. छायाचित्र घेणारा उभा होता आणि मुलगा बसलेला होता, एवढे मात्र कळते. एकदा ते ध्यानात आले की सगळे पत्रकच त्या उंचीवरून लिहिले आहे असे वाटू लागते.

आधी शब्दांकडे पाहू. आपत्तीत सापडलेल्या माणसासाठी मराठीने ‘ग्रस्त’ हा प्रत्ययासारखा वापरायचा शब्द तयार ठेवला आहे. पूरग्रस्त, भूकंपग्रस्त, धरणग्रस्त, दंगलग्रस्त. ग्रस्त म्हणजे गिळलेला. शब्द ग्रहणाच्या परिवारातला. ग्रहण सुटताना दान मागत फिरणाऱ्यांची आरोळी पूर्वी आपल्या गावांतून ऐकू येई, आणि तेव्हाचे दान सूर्यचंद्रांइतकेच देणाऱ्याच्या घरावरील सावट दूर व्हावे म्हणूनही असे. ‘निर्वासित’ हा शब्द फाळणीनंतर घरोघर पोचला. कल्याण कॅम्पाचे उल्हासनगर झाले तरी तो कितीतरी वर्षे त्या वस्तीला चिकटून राहिला. ‘विस्थापित’ त्या मानाने बरा. त्यात निदान एक स्थान होते याची नोंद आहे. परंतु आता अहवालांतून आणि त्यांच्या मागोमाग आपल्या व्यासपीठांवरूनही जो शब्द रुळला आहे तो आहे ‘लाभार्थी’. त्याची फोड करून पाहा: लाभाची इच्छा धरणारा. ज्याचे घर जळले, ज्याची मुले वाटेत चुकली, जो चार दिवस चालून एका अनोळखी गावी पोचला, त्याला आपण लाभाची इच्छा धरणारा म्हणतो आणि आपल्याला काही खटकत नाही.

काबो देल्गादो हे नाव आपल्यापैकी बहुतेकांना अपरिचित असेल. किनारा मात्र तितका परका नाही. मोझांबिकचा राज्यकारभार १७५२ पर्यंत गोव्याच्या व्हाइसरॉयच्या हाताखाली चालत असे. तेथील ख्रिस्ती समाजाची धार्मिक व्यवस्थाही १६१२ मध्ये स्वतंत्र होईपर्यंत गोव्याच्या धर्मप्रांताचाच भाग होती. आणि ज्यांचे पार्थिव पाहायला आपण सहकुटुंब जुन्या गोव्याला जातो ते संत फ्रान्सिस झेवियर गोव्याला पोचण्यापूर्वी, १५४१ च्या ऑगस्टपासून सुमारे सहा महिने, मोझांबिक बेटावर अनुकूल वाऱ्याची वाट पाहत राहिले होते आणि तेथील रुग्णालयात आजाऱ्यांची सेवा करत होते. ते बेट काबो देल्गादोच्या दक्षिणेस, लगतच्या नाम्पुला प्रांतात आहे. पत्रकात यातले काहीच नव्हते. ‘आफ्रिकेतील दुर्दैवी बांधव’ एवढ्यावर भागवले होते.

आता घटना. २०१७ च्या ५ ऑक्टोबरला मोसिंबुआ द प्राइया या बंदराच्या गावी सशस्त्र तरुणांच्या टोळीने पोलीस ठाण्यांवर हल्ला केला. तेथून या बंडाची गणना होते. लोक त्यांना ‘अल-शबाब’ म्हणू लागले, मात्र सोमालियातील त्याच नावाच्या संघटनेहून ही टोळी वेगळी. २०१९ पासून ‘इस्लामिक स्टेट’ तिच्या हल्ल्यांची जबाबदारी घेऊ लागली. २०२० च्या एप्रिलमध्ये शिताशी या गावी टोळीत यायला नकार देणाऱ्या ५० हून अधिक तरुणांची हत्या झाली. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मोसिंबुआ बंडखोरांच्या हाती पडले आणि ते परत मिळवायला, तेही रवांडाच्या फौजेच्या मदतीने, एक वर्ष लागले. १९२४ मध्ये मोन्फोर्त संघाच्या मिशनऱ्यांनी उभारलेले नांगोलोलोचे मिशन २०२० मध्ये उद्ध्वस्त झाले. २०२१ च्या मार्चमध्ये पाल्मा शहरावर हल्ला झाला. २०२२ संपता संपता घर सोडावे लागलेल्यांची संख्या १० लाखांवर गेली होती. २०१७ च्या जनगणनेत ज्या प्रांताची वस्ती २३ लाखांच्या आसपास होती, त्याच्या बाबतीत हा आकडा काय सांगतो ते वाचकांनीच ताडून पाहावे.

पत्रकातील गोष्टीत तीन पात्रे होती: अतिरेकी, मूल आणि आपण. देणारे आपण, घेणारे ते. प्रत्यक्षात काय घडले? पहिल्या काळात बहुसंख्य विस्थापित छावण्यांत गेलेच नाहीत. ते नातलगांच्या, ओळखीच्यांच्या, आणि कित्येकदा पूर्वी कधी न पाहिलेल्या माणसांच्या घरी राहिले. पेंबा हे प्रांताचे मुख्य शहर. तेथे एकेका लहान घरात वीस-वीस, तीस-तीस माणसे झोपू लागली. २०२० च्या ऑक्टोबरमध्ये उत्तरेकडून होड्या भरभरून लोक येऊ लागले आणि पाकितेकेते या वस्तीच्या पुळणीवर उतरू लागले. काही आठवड्यांत १० हजारांहून अधिक. एक होडी इबो आणि मातेमो या बेटांच्या दरम्यान बुडाली व अनेकांचा अंत झाला. पाकितेकेते ही मच्छीमारांची जुनी, दाट, गरीब, बहुतांशी मुस्लिम वस्ती. आपल्या किनाऱ्यावरील एखादा कोळीवाडा डोळ्यांपुढे आणा, आणि त्याच्या पुळणीवर दररोज शे-दोनशे माणसे भिजलेल्या बोचक्यांसह उतरत आहेत अशी कल्पना करा. त्यांना पहिला घास कोणी दिला असेल? जगाचा शिधा यायला कागद लागतात, गोदाम लागते, ट्रक लागतात. घोटभर पाणी आणि ताटातली अर्धी भाकर शेजारच्या दारातून येते.

पेंबा धर्मप्रांताच्या कारितासचे आणि तेथील धर्मग्रामांतील स्वयंसेवकांचे काम थोर आहे, यात मला तिळमात्र शंका नाही. मक्याचे पीठ, तांदूळ, कडधान्ये, तेल, ताडपत्री, भांडी, पुढे बियाणे आणि कुदळी, हे सारे पोचवायचे म्हणजे कच्चे रस्ते, पावसाळा आणि हल्ल्याची भीती यांतून जायचे. उत्तरेकडील मिशने रिकामी करावी लागल्यामुळे तेथील धर्मगुरू आणि धर्मभगिनी स्वतःच विस्थापित होऊन पेंबात आल्या होत्या. म्हणजे मदत वाटणाऱ्यांपैकी कित्येकांचे स्वतःचे छप्पर गेले होते. पत्रक लिहिणाऱ्याने नेमके हेच गाळले. ते का गाळले जाते, याचा विचार केल्यावर मला एकच कारण दिसते. घेणाराही देतो, गरीबही अतिथीचे पाय धुतो, हे एकदा वाचकाला सांगितले की देणाऱ्याच्या आसनावर आपण एकटे राहत नाही. पत्रकलेखकाला भीती वाटते की मग पाकीट हलके होईल. मला स्वतःला असे वाटत नाही. पण माझ्या वाटण्यावर कोणी विश्वास ठेवावा असे माझे वर्तन नव्हते. ते सांगणे आता भाग आहे.

त्या पत्रकाच्या शेवटच्या पानावर, अगदी तळाशी, बारीक टायपात एक ओळ होती. मदत धर्म न पाहता दिली जाते आणि ती घेणाऱ्यांत मुस्लिम कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, अशा अर्थाची. रविवारच्या दुसऱ्या मिस्सेनंतर मी वेदीवरून पत्रक वाचून दाखवले आणि ती ओळ वाचली नाही. ठरवून वाचली नाही. त्या दिवसांत आमच्या भागातही हवा काहीशी गढूळ होती. समोर बसलेल्यांपैकी काहींच्या कपाळावर आठी पडेल, दानपेटीत शंभराच्या जागी पन्नास पडतील, असा हिशेब माझ्या मनात झाला. मी मनाशी म्हटले, आपण खोटे बोललो नाही, फक्त एक ओळ सोडली.

मिस्सा संपल्यावर एक निवृत्त शिक्षक, वय ऐंशीच्या घरात, काठी टेकत सॅक्रिस्टीत आले.

“फादर, आपण एक ओळ गाळलीत.”

“वेळ कमी होता, मास्तर.”

“ती ओळ सगळ्यांत लहान होती, फादर.”

एवढे बोलून त्यांनी आपले पाकीट माझ्या हातात दिले आणि ते निघून गेले. त्यांनी पुन्हा कधी तो विषय काढला नाही. मी पुढच्या रविवारी ती ओळ वाचली. परंतु लोकांनी पाकिटे आदल्या रविवारीच दिली होती.

गाळलेल्या त्या ओळीत साऱ्या प्रकरणाचे मर्म होते हे मला पुढे वाचन वाढले तसे कळत गेले. काबो देल्गादोच्या किनाऱ्यावर बहुसंख्य लोक मुस्लिम आहेत; म्वानी जवळजवळ सर्व, माकुवांपैकी पुष्कळ. मुएडाच्या पठारावरील माकोंडे बहुतांशी कॅथॉलिक. बंडखोरांनी चर्चे जाळली, ख्रिस्ती माणसे वेचून मारली, हे खरे आहे. परंतु पहिली गावे जळली ती किनाऱ्यावरची, आणि मशिदीत येऊन काही तरुण विचित्र शिकवण देत आहेत अशी तक्रार २०१७ पूर्वीच अधिकाऱ्यांकडे नेली होती ती तेथील मुस्लिम पुढाऱ्यांनी. त्यांचे कोणी ऐकले नाही. ‘छळ सोसणारे ख्रिस्ती बांधव’ एवढ्या चौकटीत ही गोष्ट बसवली तर तिच्यातील अर्धी माणसे चौकटीबाहेर राहतात. आणि उरलेल्या अर्ध्यांचेही काही भले होत नाही, कारण त्यांना उद्या राहायचे आहे ते त्याच शेजाऱ्यांसोबत.

या संदर्भात दयाळू शोमरोन्याचा दाखला एक लेखन म्हणून तपासावा अशी माझी विनंती आहे. आपण तो उपदेश म्हणून इतक्यांदा ऐकला आहे की त्याच्या बांधणीकडे लक्ष जात नाही. मदतीचा अहवाल कसा असावा याचा तो नमुना आहे. किती तपशील आहे पाहा: तेल, द्राक्षारस, पट्ट्या, स्वतःचे जनावर, उतारशाळा, तिचा मालक, दोन दिनार, आणि जास्त खर्च झाल्यास परत येताना देण्याचा शब्द. मदत करणाऱ्याची जमात सांगितली आहे, न थांबता गेलेल्या दोघांचे पद सांगितले आहे. सांगितलेले नाही ते एवढेच की जखमी माणूस कोणाचा होता. कोणी एक मनुष्य, बस्स. आमच्या पत्रकाने याच्या नेमके उलट केले होते. घेणाऱ्याचा धर्म ठळक सुचवला होता, आणि तेल, पट्ट्या, उतारशाळेचा मालक ही सारी मंडळी गाळून टाकली होती. पाकितेकेतेची वस्ती म्हणजे त्या दाखल्यातील उतारशाळाच की! फरक इतकाच की तिच्या मालकाला आगाऊ दोन दिनार कोणी दिले नव्हते.

पत्रकानंतर अहवाल. संस्थांचे इंग्रजी व पोर्तुगीज अहवाल हा या वाङ्मयाचा दुसरा प्रकार. त्यात भावना नाही, तक्ते आहेत. साहित्यिक मंडळी तक्त्यांना नाके मुरडतात. मी मुरडणार नाही. १९९३ मध्ये किल्लारीच्या भूकंपानंतर सेमिनरीतून आम्हा काही विद्यार्थ्यांना मदतीसाठी पाठवले होते, तेव्हा शहरांतून आलेल्या कपड्यांचे ढीग आम्ही उपसत होतो. त्यांत लोकरीचे सूट होते, लग्नातले रेशमी झगे होते, एका पायाचे बूट होते. तक्ता करणारा कोणी असता तर निम्मे ट्रक सुटलेच नसते. भावनेने भरलेल्या ट्रकापेक्षा मोजून भरलेला ट्रक केव्हाही चांगला. काबो देल्गादोमधील उपासमार जगाला कळली तीही आकड्यांमुळेच. २०२२ मध्ये निधी आटला आणि जागतिक अन्न कार्यक्रमाला तेथील शिधा निम्म्यावर आणावा लागला, ही गोष्ट छायाचित्रात दिसत नाही. अर्धी थाळी आणि पूर्ण थाळी हातात घेतलेला मुलगा सारखाच दिसतो. ती तक्त्यातच दिसते.

तरी तक्त्याचा एक दोष आहे. तक्ता यादीवरून होतो, आणि यादी कोण करतो हे तक्ता सांगत नाही. खेड्यांत व छावण्यांत नावे लिहून घेण्याचे काम पुष्कळ ठिकाणी स्थानिक मुखियांकडे होते. यादीत नाव घालण्यासाठी पैसे मागितले गेले, शिध्यातील वाटा मागितला गेला, आणि स्त्रियांकडे त्याहून हीन मागणी केली गेली, हे मोझांबिकमधील संशोधकांनी व पत्रकारांनी उघडकीस आणले आहे. माझ्या हाती जे अहवाल आले, आपल्या माणसांनी लिहिलेले धरून, त्यांत याला एक ओळही नव्हती. तेव्हा मला माझी गाळलेली ओळ आठवली. आम्ही सगळेच दानपेटीकडे एक डोळा ठेवून लिहितो आणि वाचतो. ज्या बाईने मुलांच्या शिध्यासाठी अब्रूची किंमत मोजली, ती तक्त्यात ‘एक कुटुंब, पाच व्यक्ती’ अशी बरोबर मोजली गेली. तक्ता खोटा नव्हता.

माणसाचे नाव यादीत येण्यासाठी त्याच्याजवळ नावाचा कागद लागतो, हीसुद्धा त्या प्रांतातील मोठी अडचण. घर जळले तेव्हा जन्माचा दाखला आणि ओळखपत्र घरासोबत जळाले. ओळखपत्र नाही म्हणून चौकीवर अडवणूक, मुलांच्या शाळाप्रवेशाला अडचण, आणि सैनिकांच्या मनात संशय की हा त्यांच्यातलाच असेल. मोझांबिकच्या कॅथॉलिक विद्यापीठाने पेंबा येथे संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित संस्थेच्या सहकार्याने या कामात हात घातला आणि विस्थापितांना कागदपत्रे मिळवून देण्यास मदत केली. कायद्याचे तरुण विद्यार्थी आणि शिक्षक बाके मांडून बसतात, नाव विचारतात, आईबापांचे नाव विचारतात, गाव विचारतात. सरकारी कामकाज पोर्तुगीजमधून चालते. लोक बोलतात किम्वानी, एमाकुवा, शिमाकोंडे. म्हणजे आधी ऐकून घ्यावे लागते आणि मग लिहावे लागते. धर्मप्रांताने स्वयंसेवकांना तयार करून दुःखितांचे नुसते ऐकून घेण्याचे जे काम चालवले, तेही याच जातीचे. या दोन कामांत थाळी नाही, पोते नाही, म्हणून त्यांची छायाचित्रे चांगली येत नाहीत आणि पत्रकांत ती क्वचितच छापली जातात. माझ्या मते साऱ्या मदतकार्यातील ही सर्वांत साहित्यिक कामे आहेत.

तिसरा प्रकार वेगळा आहे आणि त्याचे लेखक एकच, बिशप लुईझ फर्नांदो लिस्बोआ. मूळचे ब्राझीलचे, पॅशनिस्ट संघाचे, २०१३ पासून पेंबाचे बिशप. त्यांनी या विषयावर ग्रंथ लिहिला नाही. पत्रे, निवेदने, मुलाखती, एवढेच त्यांचे वाङ्मय. पण वर सांगितलेल्या दोन्ही प्रकारांत जे नाही ते त्यांच्यात आहे. ते गावांची नावे घेतात. लोक का पळाले हे सांगताना ते बंडखोरांशी थांबत नाहीत. माँतेपुएझजवळ माणके सापडली, रोवुमाच्या खोऱ्यात समुद्राखाली वायूचे प्रचंड साठे सापडले, आणि त्याच प्रांतातील तरुण बेकार, अशिक्षित आणि आपल्याच जमिनीवरून हटवलेला राहिला. ही बाजू त्यांनी पुन्हा पुन्हा मांडली. पुनरुक्ती हा लेखनातला दोष मानला जातो. कोणी ऐकतच नसेल तेव्हा मात्र त्याला पर्याय नसतो. मोझांबिकच्या बिशपांच्या परिषदेनेही २०२१ मध्ये तरुणांच्या निराशेवर बोट ठेवले.

पत्रकांत आणि अहवालांत ‘का’ हा प्रश्न बहुधा नसतो. बंड हे चक्रीवादळासारखे कोठून तरी येते आणि माणसांना ग्रासते. केनेथ नावाचे चक्रीवादळ २०१९ च्या एप्रिलमध्ये त्याच प्रांतावर खरोखरच आदळले होते. दोन्ही आपत्तींचे वर्णन पत्रकलेखकांनी जवळजवळ एकाच भाषेत केले आहे. वाटप करणाऱ्यांची अडचण मला समजते. सरकारचा परवाना नसेल तर ट्रक हलत नाही, आणि कारण विचारणाऱ्याचा परवाना लवकर संपतो. लिस्बोआ यांच्या बाबतीत तसेच घडले. त्यांच्यावर वृत्तपत्रांतून झोड उठली, परक्यांनी आमच्या सैनिकांच्या बलिदानाचा अनादर करू नये असा सूर राज्यकर्त्यांनी लावला. २०२० च्या ऑगस्टमध्ये पोप फ्रान्सिस यांनी त्यांना स्वतः फोन करून धीर दिला. पुढे डिसेंबरमध्ये त्यांनी युरोपीय संसदेपुढे परिस्थिती मांडली. २०२१ च्या फेब्रुवारीत त्यांची बदली ब्राझीलमध्ये झाली. आपल्याला धमक्या येत होत्या, अगदी जिवाच्याही, हे त्यांनी नंतर सांगितले. त्यांच्या जागी आलेले बिशप आंतोनियो जुलियासे हे मोझांबिकचेच सुपुत्र. हे धर्मयुद्ध नव्हे, हा धागा त्यांनीही सोडलेला नाही.

आपल्या बाजूच्या लेखनाबद्दल एक नाजूक गोष्ट बोलायची आहे. २०२२ च्या ६ सप्टेंबरला रात्री नाम्पुला प्रांतातील शिपेने येथील मिशनवर हल्ला झाला आणि कोंबोनी संघाच्या धर्मभगिनी मरिया दे कोप्पी मारल्या गेल्या. वय ८३. १९६३ पासून त्या मोझांबिकमध्ये होत्या; वसाहतीची अखेर, स्वातंत्र्य, मिशनच्या शाळा-दवाखान्यांचे राष्ट्रीयीकरण, पंधरा-सोळा वर्षांचे यादवी युद्ध, हे सगळे त्यांनी तेथेच राहून पाहिले. त्यांच्याविषयी जगभरच्या कॅथॉलिक नियतकालिकांत आदराने लिहिले गेले, आणि ते सर्वथा उचित होते. पण त्याच दिवसांत त्याच भागात मारल्या गेलेल्या गावकऱ्यांची नावे त्या लेखांत शोधायला गेलो तर मला सापडली नाहीत. सिस्टरांनी जवळजवळ साठ वर्षे ज्या लोकांची नावे पाठ केली असतील, ते लोक त्यांच्या मृत्युलेखात ‘काही स्थानिक’ झाले.

२०२३ मध्ये परिस्थिती निवळल्यासारखी वाटली. लाखो लोक घरी परतले आणि शिध्याच्या याद्यांतून कमी झाले. २०२४ च्या फेब्रुवारीत बंडखोर दक्षिणेकडे चिउरे जिल्ह्यात उतरले, मझेझेच्या मिशनचे चर्च जळाले, आणि काही आठवड्यांत लाखाच्या आसपास माणसे पुन्हा रस्त्यावर आली. चिउरे हा विस्थापितांना आसरा देणारा जिल्हा होता. पोप फ्रान्सिस यांनी पाठवलेल्या एक लाख युरोंतून विस्थापितांसाठी दवाखाने उभारायचे ठरले ते या जिल्ह्यातही. म्हणजे काल ज्यांनी दार उघडले तेच आज दुसऱ्याच्या दारात उभे. वर्षाअखेरीस, डिसेंबरात, चिडो नावाचे चक्रीवादळ मेकुफीवर आदळले आणि ताडपत्र्याही गेल्या. पत्रकाच्या चार पानांत या दुसऱ्या आणि तिसऱ्या पळण्याला जागा नसते. त्याची गोष्ट एकदाच घडते आणि पाकीट बंद झाले की संपते.

आमच्या धर्मशिक्षण वर्गाच्या खोलीत २०२२ मधले ते पत्रक सिस्टरांनी फळ्यावर टाचलेले होते आणि ते तसेच राहून गेले. २०२५ च्या प्रायश्चित्तकाळात आमच्याकडे आलेल्या पत्रकाचा विषय दुसराच होता. नवे पत्रक फळ्यावर लावताना वर्गातल्या एका मुलीने जुन्याकडे बोट दाखवून विचारले, “फादर, तो थाळीवाला मुलगा आता कुठे आहे?” मुलगी बारा वर्षांची, पत्रक पहिल्यांदा लागले तेव्हा ती त्याच्याएवढी नाही तरी त्याच्याहून थोडीच मोठी होती. मी पत्रक काढून संस्थेच्या पत्त्यावर चिठ्ठी लिहिली: मुखपृष्ठावरील मुलाचे नाव, गाव आणि सध्याचा ठावठिकाणा कळवावा. उत्तर सौजन्यपूर्ण होते. छायाचित्र एका छायाचित्र-संग्रहातून घेतले असून मुलाविषयी अधिक माहिती उपलब्ध नाही, असे त्यात होते. सोबत आमच्या २०२२ च्या वर्गणीच्या पावतीची दुसरी प्रत जोडली होती. मी ते उत्तर त्या मुलीला वाचून दाखवले. या खेपेस सगळ्या ओळी वाचल्या.